चेंडूवर सही कुणाची?

(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वस्तीतल्या टेनिसबॉल टुर्नामेंटमध्ये बेस्ट बॉलरच्या ढालीला बाळू पालवणकरचं नाव द्यावं, असं मी मागच्या रविवारी सुचवलं. लगेच दोन आवाज उठले. एक म्हणाला, हा कोण? दुसरा म्हणाला, हा तर बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला होता. पहिल्या आवाजाची मला लाज वाटली. दुसऱ्यानं झोप उडवली. म्हणून आज कविता नाही. आज चेंडूवर बोलतो.

खेळात मोठा माणूस आपली एक करामत मागं ठेवून जातो आणि तिला त्याचं नाव लागतं. बोझांके नावाच्या इंग्रजानं लेगस्पिनच्या आविर्भावात उलटा वळणारा चेंडू टाकला, तर ऑस्ट्रेलियात त्या चेंडूलाच ‘बोझी’ म्हणू लागले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरी आडव्या दांडीवरून पाठ खाली करून गेला, २.२४ मीटर. आता सगळं जग तशीच उंच उडी मारतं आणि तिला ‘फॉसबरी फ्लॉप’ म्हणतं. १९७४ च्या वर्ल्डकपमध्ये क्रायफनं स्वीडनच्या खेळाडूला पाय मागं फिरवून चकवलं. झाली ‘क्रायफ टर्न’. ही सही आहे. सातबाऱ्यावर असते तशी. माणूस मेला तरी नोंद राहते.

आता आपल्या माणसाकडं या.

बाळूचा जन्म धारवाडचा, घराणं कोकणातल्या पालवणचं, जात चांभार. बाप लष्करात नोकरीला. पुण्यात पारशांच्या क्लबात पिच झाडायला, रूळ फिरवायला पोरगा लागला, पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला, तिथं एक रुपया वाढला. काम तेच. जाळी बांध, पट्टी आख, रूळ ओढ. मग साहेबांनी चेंडू हातात दिला आणि नेटमध्ये बोलिंग टाकायला उभं केलं. जे. जी. ग्रेग हा त्यांचा बडा बॅट्समन. त्याला आउट केलं की आठ आणे बक्षीस मिळायचं, अशी हकीकत सांगतात. खरी असेल तर हिशेब करा. महिन्याचा पगार चार रुपये आणि एका विकेटला अर्धा रुपया! पोट असं मागं लागल्यावर कुठल्या पोराचा हात तयार होणार नाही?

हा हात काय करत होता ते नीट ऐका. डावखुरा स्पिनर चेंडूची शिवण पहिल्या दोन बोटांत पकडतो आणि सोडताना पीळ देतो. उजव्या हाताच्या बॅट्समनला तो चेंडू आधी आत येतोय असं वाटतं, टप्पा पडला की बाहेर निघतो. बॅट्समन मागं लागला की कड लागून स्लिपमध्ये, नाहीतर पुढं धावला की यष्टिचीत. असे चार टाकायचे आणि पाचवा त्याच हातानं, त्याच लयीत, सरळ घालायचा. बॅट्समन बाहेरचा म्हणून सोडतो आणि दांडी गुल. बाळू दोन्हीकडं वळवायचा, हवेत चेंडू तरंगत ठेवायचा आणि दिवसभर टाकला तरी दमायचा नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या क्लबात तासन्‌तास बोलिंग टाकणाऱ्या या पोराला बॅट कधी हातात दिली नाही. बॅटिंग साहेबाची, राबणं आमचं.

२००१ साली ‘लगान’ आला. त्यातला कचरा तुम्हाला आठवत असेल. अस्पृश्य, एक हात अधू, आणि हात अधू म्हणूनच चेंडू आपोआप फिरतो. थिएटरात मीसुद्धा शिट्ट्या मारल्या असत्या, पण मी टीव्हीवर पाहिला आणि गप्प बसलो. आमच्या माणसाला कला दिली तीही व्यंगातून! कष्ट नाही, डोकं नाही, सराव नाही. निसर्गाची चूक. गोदीत क्रेनला स्लिंग लावताना पोलादाचा बंडल कुठल्या बाजूला झुकणार हे जुना मजूर नुसतं बघून सांगतो. वरचे लोक म्हणतात, यांच्या अंगातच असतं ते. अंगात काय बोंबलायला असतं? वीस वर्षं घासलेली असतात.

तर या हाताची गरज पुण्याच्या हिंदूंना पडली. गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानात सगळे बाळूच्या हातचा चेंडू घेत. चेंडूला विटाळ नव्हता. चहाची सुट्टी झाली की बाळूला चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवायला पान वेगळं. पुढं तो मुंबईला आला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. म्हणजे १०९ धावांनी. संघात बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम. १९११ मध्ये हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, कप्तान पतियाळाचे महाराज. संघ बहुतेक सामने हरला. बाळू पस्तिशीला आलेला, खांदा दुखावलेला, तरी ११४ बळी, सरासरी १९ च्या आत.

आणि त्याला पदवी काय मिळाली? ‘हिंदुस्थानचा ऱ्होड्स.’ विल्फ्रेड ऱ्होड्स मोठाच, वाद नाही. पण बघा, बोझांकेच्या चेंडूला बोझांकेचं नाव आणि बाळूच्या चेंडूला ऱ्होड्सचं. सहीच्या जागी दुसऱ्याचा शिक्का.

कप्तानपद तर नाहीच. पई कप्तान होते, आणि हा मान बाळूचा होता असं त्यांनी स्वतः बोलून दाखवलं. त्यांचं कौतुक करायला हवं. पण कमिटीचे कान बंद. १९२० मध्ये बाळूला संघातूनच काढलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी खेळायला नकार दिला. मग बाळूला उपकप्तान करून परत आणलं. नामांतराच्या, राखीव जागांच्या लढ्यांच्या गोष्टी आपण सांगतो. त्यात या दोन भावांचा बहिष्कारही सांगायला पाहिजे. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाला आणि हिंदूंचा संघ जिंकला. बाळूचं वय तोवर निघून गेलं होतं.

इथं मला अली आठवतो. १९६४ मध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि लगेच म्हणाला, कॅशियस क्ले हे गुलामाचं नाव, मी टाकलं. १९६७ मध्ये व्हिएतनामच्या लढाईला जायला नकार दिला, किताब काढून घेतला. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात जॉर्ज फोरमनसमोर तो दोरांना टेकून उभा राहिला. मार, म्हणाला. फोरमन मारून मारून थकला आणि आठव्या राउंडला आडवा झाला. त्या डावाला ‘रोप-अ-डोप’ म्हणतात.  बाळूचा काळ पन्नास-साठ वर्षं आधीचा, त्याच्यापाशी तोंड उघडायला माइक नव्हता. पण फरक नुसता काळाचा नाही, आणि आता मी दुसऱ्या आवाजाकडं येतो.

होय, तो उभा राहिला. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत बाळू होता. त्याच कागदावर बाबासाहेबांचीही सही आहे, ती कुठल्या दडपणाखाली झाली ते तुम्हाला मी सांगायला नको. १९३७ च्या मुंबईच्या निवडणुकीत काँग्रेसनं बाबासाहेबांविरुद्ध बाळूला उतरवला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. ज्या समाजानं मातीच्या भांड्यात चहा पाजला, त्याच्यातल्याच पुढाऱ्यांसाठी तो आपल्या माणसावर बोलिंग टाकायला उतरला. परत नेट बोलरच. ही चूक मी झाकणार नाही. ढालीवर नाव घातलं तरी झाकणार नाही.

पण माझा उलटा सवाल आहे. १९३७ पाठ असलेल्या आपल्यापैकी किती जणांना १९०६ माहीत होतं? आणि तो चांभारवाड्यातला नसता, आपल्या गल्लीतला असता, तर इतक्या सहज विसरला असता का? राग येऊ द्या. मलाही स्वतःचा आला. पोटजातीची भिंत आपण भाषणात रोज पाडतो आणि घरी जाताना तिलाच टेकून बिडी ओढतो.

४ जुलै १९५५ ला बाळू मुंबईत वारला. नागपूरची दीक्षा पुढच्या वर्षी १४ ऑक्टोबरला. ती त्यानं पाहिली असती तर काय केलं असतं, यावर अंदाज बांधत बसायची मला हौस नाही.

ढाल रंगवायला पेंटर रविवारी येणार आहे. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला चार ओळी, त्यात १९३७ सुद्धा, असा माझा ठराव आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी आता बोलावं, मी खाली बसतो.