किनाऱ्यावरील कार्यशाळा : निरोप आणि नावनोंदणी



सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तीन तालुक्यांना मिळून सुमारे १२१ किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे. खाडीत खेकडे वाढवणे, कालवांची शेती करणे, पर्यटकांना कांदळवनाची ओळख करून देणे अशा विषयांच्या कार्यशाळा या किनाऱ्यावर भरत असतात. कार्यशाळा म्हणजे जेथे शिकणारा केवळ ऐकत नाही, तर स्वतःच्या हाताने काम करून ते आत्मसात करतो असा वर्ग होय. अशा वर्गात काय शिकवावे याची चर्चा पुष्कळ होते. परंतु तेथे कोणी यावे, त्यांना निरोप कोणी द्यावा आणि त्यांची नावे कशी नोंदवावीत, हा भाग कारकुनी समजून शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. वस्तुतः ज्ञान कोणाच्या दारापर्यंत पोचणार आणि कोणाच्या दारावरून पुढे निघून जाणार, हे याच कामात ठरत असते, आणि म्हणून त्याचा स्वतंत्र विचार होणे अगत्याचे आहे.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, जागतिक पर्यावरण सुविधा आणि शासन यांनी मिळून सिंधुदुर्ग किनाऱ्याच्या जैवविविधतेसाठी जो प्रकल्प राबवला, त्याच्या अखेरच्या काळात, म्हणजे २०१७ च्या सुमारास, येथील स्वामिनी बचत गटाच्या स्त्रियांनी कांदळवन सफर सुरू केली. खाऱ्या पाण्यात आणि चिखलात तग धरणाऱ्या झाडांच्या वनाला कांदळवन म्हणतात, आणि मच्छीमार कुटुंबांतील या स्त्रिया होडी वल्हवत पर्यटकांना त्यातील तिवर, चिपी आणि कांदळ या झाडांमधला फरक दाखवू लागल्या. होडी, खाडी आणि मासळी त्यांच्या आयुष्यात आधीपासूनच होती. प्रशिक्षणाने त्यात शास्त्रीय माहितीची आणि पाहुण्यांशी बोलण्याच्या सरावाची भर घातली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, विद्या सुट्या व्यक्तींच्या यादीकडे न जाता आधीपासून एकत्र बसणाऱ्या गटाकडे गेली आणि त्यामुळे शिकणे संपल्यावर काम सुरू करण्यासाठी माणसे नव्याने जमवावी लागली नाहीत.

यावरून निरोपाचा मार्ग कोणता असावा हे स्पष्ट होते. बचत गट म्हणजे साधारणपणे १० ते २० स्त्रियांनी नियमित बचत आणि आपसांत कर्जव्यवहार करण्यासाठी स्थापन केलेला गट, आणि एका गावातील अशा गटांचा मिळून ग्रामसंघ होतो. गटाच्या बैठकीत दिलेला निरोप तेथेच चर्चिला जातो, शंका विचारल्या जातात आणि कोणी जावे हे सर्वांसमक्ष ठरते. ग्रामपंचायतीच्या फलकावरील कागदाला किंवा भ्रमणध्वनीवर पाठवलेल्या संदेशाला हे सामर्थ्य नसते, कारण अनेक घरांत तो एकच फोन मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात असतो. पुरुषांच्या बाबतीत हेच काम रापणकरांचे संघ करू शकतात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढण्याचे मोठे जाळे, आणि ते ओढायला जमणारी माणसे ही मुळातच एकमेकांशी हिशेबाने व विश्वासाने बांधलेली असतात. मात्र गटांवर सर्वस्वी विसंबणेही योग्य नाही, कारण कोणत्याही गटात नसलेली विधवा, वाडीच्या टोकाला राहणारे कुटुंब किंवा परप्रांतातून होड्यांवर कामाला आलेला खलाशी अशांपर्यंत तो निरोप जात नाही. त्यांच्यासाठी अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्ती यांच्यासारख्या, घरोघरी जाणाऱ्या व्यक्तीचे साहाय्य घ्यावे लागते.

निरोपात काय सांगावे, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. मालवणच्या समुद्रात १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले, आणि आपल्या मासेमारीवर बंधने येतील या चिंतेने स्थानिक मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला. तो अनुभव ताजा असलेल्या गावात ‘सागरी संवर्धन कार्यशाळा’ एवढेच शब्द घेऊन गेलेले पत्रक शंका निर्माण करते, आणि अशी शंका घेणाऱ्यांना अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. वर्ग कोणी आयोजित केला आहे, खर्च कोण करणार, दिलेली सही कशासाठी वापरली जाईल आणि शिकून झाल्यावर कोणते साहाय्य मिळेल किंवा मिळणार नाही, हे आधीच उघडपणे सांगणे हा प्रामाणिक प्रसाराचा पाया आहे.

यानंतर येतो वेळेचा प्रश्न, आणि किनाऱ्यावर तो भिंतीवरच्या घड्याळाने सुटत नाही. यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते, त्यामुळे हे दोन महिने वर्गासाठी मोकळे आहेत असे कार्यालयात बसून वाटते. परंतु ते दिवस भाताच्या पेरणीचे आणि लावणीचे असल्याने त्याच घरांतील स्त्रिया तेव्हा शेतात असतात. पुढे नारळी पौर्णिमेनंतर मासेमारीला वेग येतो, गणेशचतुर्थीला मुंबईहून चाकरमानी घरी येतात, आणि काजू-आंब्याच्या दिवसांत बागायतीत हात अपुरे पडतात. मसुरे गावच्या आंगणेवाडीत भरणाऱ्या भराडी देवीच्या जत्रेची तिथी तर ठरलेली नसून देवीच्या कौलाने दिवस निश्चित होतो, म्हणून माघ-फाल्गुनातला वर्ग आधी जाहीर करणाऱ्याने तारीख पुढेमागे करण्याची तयारी ठेवावी लागते.

भरती-ओहोटीचा हिशेब याहून बारकाईने करावा लागतो. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, आणि तेव्हाच्या ओहोटीला पाणी खूप मागे हटून खडक व वाळूचे पट्टे उघडे पडत असल्याने तिसऱ्या नावाचे शिंपले आणि कालवे काढणाऱ्या स्त्रिया त्या वेळी खाडीत असतात. त्या वेळी ठेवलेला वर्ग ज्यांच्यासाठी असतो, नेमक्या त्यांनाच गैरहजर ठेवतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फारसे चढत-उतरत नाही, आणि या स्त्रियांना त्यातल्या त्यात सवड असते. उलट कांदळाची मुळे प्रत्यक्ष दाखवायची तर ओहोटी हवी आणि होडी आतपर्यंत न्यायची तर पुरेसे पाणी हवे. शिवाय भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ‘दर शनिवारी दुपारी तीन वाजता’ असे वेळापत्रक खाडीवरच्या वर्गाला लावता येत नाही. तिथी पाहून तारीख ठरवणे येथे शास्त्राला धरून आहे.

आता नोंदवहीविषयी. नाव, गाव आणि सही एवढ्यावर थांबणारी नोंदवही उपस्थितीचा पुरावा देते, पण पुढच्या वर्गाला तिचा उपयोग होत नाही. तिच्यात वाडीचे नाव, घरचा मुख्य व्यवसाय, निरोप कोणाकडून मिळाला, स्वतःचा फोन आहे की शेजारचा, सोबत लहान मूल येणार का, आणि वाचता येत नसल्यास कसे समजावून सांगावे, एवढे रकाने असले तर त्यातून वर्गाची पुढची आखणी करता येते. एका होडीत सुरक्षितपणे जितकी माणसे बसतात तितक्याच जागा असल्याने प्रतीक्षा यादी, म्हणजे जागा रिकामी झाल्यास क्रमाने बोलावण्याच्या व्यक्तींची यादी, आवश्यक ठरते. आणि ती खरोखर क्रमाने वापरली गेली, तरच गावाचा तिच्यावर विश्वास राहतो. वर्गाच्या दोन दिवस आधी प्रत्येकीशी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलून ती येणार का हे विचारावे, कारण येता न येण्याची अडचण पत्रकाला नव्हे, माणसाला सांगितली जाते.

सर्वांत मोलाचा रकाना गैरहजेरीचा आहे. नाव देऊनही जी व्यक्ती आली नाही, तिचे कारण विचारून लिहून ठेवले, तर एसटीची वेळ जुळली नाही, सासू आजारी होती, मजुरी बुडत होती अशी कारणे समोर येतात आणि त्यांपैकी बरीचशी आयोजकांना दूर करता येण्याजोगी असतात. भरलेल्या खुर्च्यांचे छायाचित्र अहवालात शोभते, पण रिकाम्या राहिलेल्या खुर्च्यांची कारणे माहीत असणारी संस्थाच दुसरा वर्ग पहिल्यापेक्षा चांगला घेऊ शकते. ज्या गावांत लोकांच्या उपजीविकेसाठी काही शिकवण्याचा संकल्प केला जातो, तेथील संस्थांनी शिक्षकाच्या मानधनाइतकेच निरोप देणाऱ्या आणि नोंदवही सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या मानधनाचे स्थानही अंदाजपत्रकात निश्चित करावे, आणि ते काम शक्यतो त्याच वाडीतील स्त्रीकडे सोपवावे. कारण कोणते दार ठोठावायचे राहून गेले, हे तिलाच ठाऊक असते.