मधुमेहाची तपासणी पाड्यापर्यंत कशी जाईल?

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. अब्बांना पंधरा वर्षं शुगर होती. गोळ्या चालू, म्हणून आम्ही निर्धास्त. चप्पल घासून पायाला जखम झाली ती त्यांना कळलीच नाही, नसा बधिर झाल्या होत्या. शेवटी बोट कापावं लागलं. पाय, डोळे, किडनी. शुगर एकेक करून पोखरते आणि आवाज करत नाही.

आमच्याकडे सर्व्हर बसण्याआधी लॉगमध्ये इशारे येत असतात. कोणी वाचत नाही, ती गोष्ट वेगळी! किडनीचंही तसंच. ती बिघडू लागली की लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन जायला लागतं. त्रास काहीच नसतो. पण वर्षातून एकदा लघवी तपासली तर ते सापडतं, आणि गोळ्यांनी पुढचा बिघाड लांबवता येतो.

अमेरिकेतल्या आदिवासींमध्ये मधुमेहाने हाहाकार माजवला होता. १९९७मध्ये तिथल्या सरकारने त्यांच्यासाठी खास कार्यक्रम सुरू केला. कुठलं जादूचं औषध नव्हतं. रक्तदाब आटोक्यात, किडनी जपणाऱ्या जुन्याच गोळ्या, लघवीची नियमित तपासणी आणि वस्तीत जाऊन पाठपुरावा. मधुमेहाने किडनी निकामी होण्याचं त्यांच्यातलं प्रमाण १९९६ ते २०१३ या काळात ५४ टक्क्यांनी घटलं.

आता आपल्याकडे या. अंबरनाथ-बदलापूरच्या डोंगराकडेला ठाकूर, कातकरी पाडे आहेत. आयसीएमआरच्या २०२३च्या अहवालात शहरी भागात १६.४ टक्के, ग्रामीण भागात ८.९ टक्के लोकांना मधुमेह दिसला. म्हणजे खेड्यात कमी. पण ज्याला होतो, त्याला दवाखान्यात जायचं तर दिवसाची मजुरी सोडावी लागते. पायात चप्पल नसली तर जखम ठरलेलीच. आणि दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावरच परततात. नोंद पाड्यावर, पेशंट भट्टीवर.

म्हणून मला बॅनर लावून केलेली शिबिरं पटत नाहीत. बोटाला सुई टोचली, आकडा सांगितला, फोटो काढला, झालं. त्या माणसाला पुढच्या महिन्यात गोळी कोण देणार?

यादी मी बनवतो : नाव, पाडा, भट्टी, फोन कोणाचा. नोंदी आशाताईंना विचारून, त्यांच्याशी जुळवूनच करायच्या. संध्याकाळी, मजुरी संपल्यावर जायचं, पाय बघायचे, ज्याला गरज आहे त्याला आरोग्य केंद्रात सोबत न्यायचं. ज्यांच्याकडे बाइक आहे, त्यांनी हात वर करा.