रक्तक्षयाचे मूळ ताटात

१९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणी गंभीर रक्तक्षयाने ग्रासलेल्या होत्या. विल्सबाईंना दोष सापडला तो त्यांच्या आहारात. यीस्टच्या अर्काने रुग्ण सुधारल्या, हे त्यांनी १९३१ साली जाहीर केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले. नव्या पेशी घडण्यास ते अपरिहार्य असते. गर्भाची मज्जानलिका पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. त्यानंतर दिलेली गोळी या कामी उशिराची ठरते. गोळी आधीच मिळावी, शिवाय ताटात डाळ-पालेभाजी रोज असावी. मजुरीत ती परवडते काय, हा प्रश्न मात्र वैद्यकाचा नव्हे, अर्थव्यवस्थेचा आहे.