मोटार हाकावयास शिकताना : पायऱ्या, खर्च आणि एक प्रश्न

बदलापूर मागे पडले की लोहमार्गाच्या दोहो बाजूंस शेते आणि डोंगर दिसू लागतात, आणि मग वांगणीचे स्थानक येते. हे अंबरनाथ तालुक्यातील, ठाणे जिल्ह्याच्या कडेचे गाव होय. पुढले शेलू स्थानक रायगड जिल्ह्यात मोडते. येथील नोकरदार मनुष्याचे सारे जीवन लोकलच्या वेळापत्रकास बांधलेले असते. गाडी चुकली तर दिवस चुकला, अशी स्थिती. परंतु रात्री-अपरात्री घरात कोणी आजारी पडले, बाळंतिणीस दवाखान्यात न्यावयाचे झाले, किंवा पावसाने लोहमार्ग बंद पडला, म्हणजे वेळापत्रक कामास येत नाही. म्हणून ज्या घरी पूर्वी सायकल हेच वाहन होते, त्या घरी आज मोटारीचा विचार होऊ लागला आहे. ही चैन नव्हे, गरज आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि मोटार विकत घेणे आणि मोटार हाकावयास शिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला पैसा लागतो. दुसरीला पैसा थोडा लागतो आणि इतर पुष्कळ काही लागते.

प्रथम कायद्याच्या पायऱ्या पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मोटार हाकणाऱ्याचे वय निदान १८ वर्षांचे असावे लागते. त्याने आधी शिकाऊ परवाना काढावयाचा असतो. वय, पत्ता यांचे पुरावे आणि प्रकृतीविषयीचे स्वतःचे निवेदन एवढे त्यास लागते. चाळिशी उलटलेल्या उमेदवारास वैद्याचा दाखलाही जोडावा लागतो. त्यानंतर वाहतुकीच्या नियमांची व खुणांची लहानशी परीक्षा होते. तीत निदान शेकडा ६० उत्तरे बरोबर यावी लागतात. २०२१ सालापासून महाराष्ट्रात ही परीक्षा आधार क्रमांकाच्या साहाय्याने घरबसल्याही देता येऊ लागली. एका दिवसाची रजा वाचली, ही मोठीच सोय झाली. परंतु या सोयीत एक धोकाही आहे. घरी बसून परीक्षा देणाऱ्याच्या पाठीशी कोणी जाणता बसून उत्तरे पुरवू लागला, तर परवाना मिळतो, मात्र ज्ञान पुरवणाऱ्याच्याच पदरी राहते.

या परीक्षेच्या प्रश्नसंग्रहात एक प्रश्न आहे. अंध व्यक्ती हातात पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडीत असेल, तर चालकाने काय करावे? उत्तर असे की, त्या पांढऱ्या काठीस गाडी थांबविण्याची खूण समजावे आणि थांबावे. अन्यत्र कोणी हा प्रश्न पाठ करून विसरून गेला तर एक वेळ समजता येईल. वांगणीच्या माणसास तसे करता येत नाही. या गावी दृष्टिहीनांची कित्येक कुटुंबे वसली आहेत. लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून किंवा गाणी गाऊन त्यांतील अनेकजण आपला संसार चालवितात. सकाळी स्थानकाकडे आणि संध्याकाळी घराकडे जाताना ती मंडळी याच अरुंद रस्त्यांवरून काठीने वाट चाचपीत चालतात. तेव्हा वांगणीत मोटार शिकणाऱ्याची परीक्षा कागदावर उरकत नाही. ती घराबाहेर पडताच सुरू होते.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यापासून ३० दिवस लोटल्यावाचून पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. या काळात मोटारीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर लावावे लागते. पक्का परवाना असलेला शिक्षक शेजारी, प्रसंगी गाडी थांबविता येईल अशा जागी, बसलेला असावा लागतो. गाडीत हौसेने मित्रमंडळी भरून घेऊ नये. हे नियम जाचक वाटतात खरे. पण त्या तांबड्या अक्षरात लाज वाटण्याजोगे काही नाही. ‘मी अजून शिकत आहे, जरा सांभाळून घ्या’ अशी ती रस्त्यावरील इतरांस केलेली विनंतीच असते.

आता शाळेचा विचार. मोटार शिकविणाऱ्या शाळांसाठी केंद्र सरकारच्या १९८९ च्या नियमांत अभ्यासक्रम घालून दिलेला आहे. हलक्या खाजगी वाहनाचे शिक्षण निदान २१ दिवसांचे असावे, आणि त्यात प्रत्यक्ष गाडी हाकण्याचे तास १० हून कमी नसावेत, असे त्यात म्हटले आहे. शाळेच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही निराळे नियंत्रण असते, त्यामुळे विद्यार्थी गोंधळला तरी गाडी थांबते. या अभ्यासक्रमात यंत्राची ओळख आणि प्रथमोपचारही येतात. व्यवहारात मात्र रोज अर्ध्या तासाची फेरी होते, आणि तीतही दोन-तीन विद्यार्थी आळीपाळीने बसतात. म्हणून शिकणाऱ्याने नाव घालण्यापूर्वीच सरळ विचारावे : चाक माझ्या हाती एकंदर किती तास राहील? गाडी मागे घ्यावयास, चढावर उभी करून पुन्हा काढावयास, रात्री व पावसात हाकावयास शिकविणार काय? प्रथमोपचाराचा तास कधी? या प्रश्नांची नीट उत्तरे देणारी शाळा दोन पैसे अधिक घेत असली तरी ती स्वस्त पडते.

पहिले काही दिवस सारे लक्ष पायांकडे असते. क्लच हळूहळू सोडावा आणि त्याच बेताने वेग द्यावा, हे मेळ बसेपर्यंत गाडी हिसके देते, बंद पडते, मागचे भोंगे वाजवितात, आणि पन्नाशीच्या गृहस्थासही शाळकरी पोरासारखे ओशाळे व्हावे लागते. येथे धीर सोडू नये. लिहावयास शिकताना बोरू कसा धरावा याचीच प्रथम चिंता असते. पुढे बोरूचा विसर पडतो आणि लक्ष मजकुराकडे जाते. तसेच येथेही घडते. पाय आपोआप चालू लागले म्हणजे डोळे मोकळे होतात, आणि खरे शिक्षण तेव्हा सुरू होते. उभ्या रिक्षेआडून कोण निघेल, चेंडूमागे कोणते मूल धावेल, काठी टेकीत येणाऱ्यास गाडीची चाहूल लागली आहे की नाही, हे ओळखणे म्हणजे मोटार हाकणे होय.

पक्क्या परवान्याची परीक्षा द्यावयास या भागातील लोकांना कल्याणच्या परिवहन कार्यालयात जावे लागते, ‘एम.एच. ०५’ हा क्रमांक त्याच कार्यालयाचा. परीक्षेत आरसा नीट लावणे, खुणा करणे, वळणे घेणे, गाडी मागे घेणे, चढावरून निघणे, हे सारे पाहिले जाते. कोणी नापास झाला तर त्यास पुन्हा बसता येते. मात्र तीनदा अपयश आल्यास ६० दिवस थांबावे लागते.

खर्चाचा हिशेब आता मांडू. २०१६ च्या अखेरीस ठरलेल्या केंद्रीय दरांप्रमाणे शिकाऊ परवान्यास १५० रुपये व त्याच्या परीक्षेस ५०. पुढे हाकण्याच्या परीक्षेस ३०० आणि परवान्यास २०० रुपये. म्हणजे मोटारीच्या एका वर्गासाठी मूळ फी ७०० रुपये झाली. राज्याचे किरकोळ आकार निराळे. शाळेची फी काही हजारांच्या घरात जाते, आणि ती गावोगावी व शाळेगणिक बदलते. समजा, ती ६,००० रुपये आहे आणि पुरते १० तास शिकावयास मिळाले. तर तासास ६०० रुपये पडले. तीच फी देऊन पाचच तास चाक हाती आले, तर तासाचा दर १,२०० झाला. काटकसरी गृहस्थाने हा हिशेब करावा.

काटकसरीच्या नावाखाली दोन चुका नेहमी होतात. एक, दलालास पैसे देऊन शिक्षणाचीच टाळाटाळ करणे. दुसरी, मुलगा हुशार आहे म्हणून अठरा वर्षांआधीच त्याच्या हाती किल्ली देणे. विनापरवाना गाडी हाकणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने ५,००० रुपये दंड सांगितला आहे. अल्पवयी मुलाने गाडी हाकून गुन्हा केला, तर पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिवाय त्या मुलास २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. पण दंडाची भीती ही शहाणपणाची सर्वांत हलकी पायरी होय. खरा विचार निराळाच आहे.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात ११ मीटर जाते. समोरची काठी दिसून ब्रेकवर पाय पडावयास साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे गाडीचा वेग कमी होण्यास आरंभ होण्यापूर्वीच ती ११ मीटर पुढे गेलेली असते. वेग निम्म्यावर आणला, तर हे अंतर निम्मे होते आणि ब्रेक लागल्यानंतरचे अंतर तर चौथाईवर येते. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. ज्यांनी कधी चाक हाती धरले नाही, त्यांनी दुसऱ्याच्या अपुऱ्या शिक्षणाची किंमत कितीदा दिली असेल याचा विचार करावा.

एका सेकंदाचे मोल वांगणीस ठाऊक आहे. १७ एप्रिल २०२१ रोजी येथील स्थानकावर एका दृष्टिहीन मातेचे मूल फलाटावरून रुळांवर पडले. समोरून वेगात गाडी येत होती. रेल्वेचे पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून गाडीच्याच दिशेने धावले, त्यांनी मुलास फलाटावर चढविले आणि स्वतः वर आले, तोच गाडी निघून गेली. बक्षीस मिळालेल्या ५० हजार रुपयांपैकी निम्मे त्यांनी त्या मुलास देऊ केले. असे धैर्य सर्वांच्या अंगी असेल असे नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. मोटार हाकणाऱ्याकडून त्याहून फार थोडे मागितले जाते. त्याने धावावयाचे नाही. वेळेवर थांबावयाचे आहे.

म्हणून परवाना हाती आला म्हणजे शिक्षण संपले, असे मानू नये. निदान काही महिने तरी अनुभवी माणूस शेजारी घ्यावा, प्रथम सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर जावे, मग बाजारातून, मग पावसात आणि शेवटी रात्री. घाटाची घाई करू नये. गाडी सफाईने पळविणाऱ्याचे कौतुक पुष्कळ होते. परंतु पांढरी काठी दिसताच जो शांतपणे, भोंगा न वाजविता, थांबून राहतो, तोच खऱ्या अर्थाने मोटार शिकला, असे समजावे.