कालव्याला पाणी सुटलं की

इंग्लंडात कालव्यावरच्या जेमतेम सात फूट रुंद होड्यांत काही माणसं संसार करतात. शरदात शेगडी पेटते, टाकीतलं पाणी जपून वापरावं लागतं. आपल्या गंगापूर, नांदूर मधमेश्वरच्या कालव्यांत कुठली होडी! इथे पाणीच आवर्तनाने येतं. रब्बीचं पाणी सुटलं की कांद्याची रोपं लावायला आपण, रात्री दारं धरायलाही आपणच. पण 2005 च्या कायद्याप्रमाणे पाणीवापर संस्थेचा सभासद होतो जमिनीचा धारक. सातबाऱ्यावर नाव नाही, तर पाळी ठरवताना मतही नाही. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने स्वतः अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तो अर्ज तहसीलदारांकडे द्यायचा. यंदा गटातल्या आपण साऱ्या मिळूनच जाऊ या.