आकाश आणि स्वर्ग : एका प्रश्नाचे राहून गेलेले उत्तर



गेल्या वर्षी माझ्या वडिलांच्या तेराव्याच्या दिवशी सात वर्षांच्या नातीने मला विचारले, "आजोबा, पणजोबा आकाशात गेले की स्वर्गात?" पाहुण्यांची वर्दळ होती. "एकच गं ते," असे म्हणून मी वेळ मारून नेली. ते उत्तर मात्र मनाला टोचत राहिले. आज त्याच प्रश्नाविषयी चार शब्द बोलणार आहे.

अमरकोशाचा आरंभच स्वर्गवर्गाने होतो आणि लगेच पुढे व्योमवर्ग येतो. म्हणजे कोशकाराच्या दृष्टीने स्वर्ग निराळा, आकाश निराळे. परंतु 'द्यो' आणि 'दिव्' हे शब्द त्याने दोन्हीकडे दिले आहेत. 'दिव्' म्हणजे प्रकाशणे. देव आणि दिवस हे शब्द याच कुळातले. ग्रीकांचा झ्यूस आणि रोमनांचा ज्युपिटर हेही आपल्या 'द्यौः'चे दूरचे आप्त. जे वर तेजाळते, ते पाहूनच मानवाला देवत्वाची कल्पना सुचली असावी. या अर्थाने माझे उत्तर अगदीच चूक नव्हते. पण ते अर्धेच होते.

आकाशाचे शब्द पाहा. 'आकाश' या शब्दात 'काश्' म्हणजे प्रकाशणे हा धातू आहे. 'नभ' म्हणजे मुळात धुके, ढग. म्हणूनच श्रावणाचे वैदिक नाव 'नभस्'. आपले 'आभाळ'ही 'अभ्र'चेच. "आभाळ आले आहे" असे शेतकरी म्हणतो, तेव्हा तो तोच जुना अर्थ जपत असतो. 'ख' म्हणजे पोकळी. त्यावरून खग आणि खगोल. गणितात हाच 'ख' शून्य झाला, आणि इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटले. न्याय-वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला; 'आकाशवाणी' हे नाव किती सार्थ आहे, ते त्यावरून ध्यानी येते. आणि 'अंतराळ' म्हणजे मधली जागा. मंदिरात सभामंडप आणि गाभारा यांच्यामधील भागालाही अंतराळच म्हणतात. १९८४ साली राकेश शर्मा गेले ते याच नावाच्या प्रदेशात!

आता स्वर्ग. 'स्वर्' म्हणजे तेज, सूर्यप्रकाश. तेथे जाणे तो स्वर्ग. त्याचेच दुसरे नाव 'नाक'. 'क' म्हणजे सुख, 'अक' म्हणजे दुःख, आणि जेथे दुःख नाही तो 'नाक', अशी यास्काचार्यांची व्युत्पत्ती आहे. पण हे सुख कायमचे नव्हे. गीतेचा नववा अध्याय सांगतो की, पुण्य सरले की स्वर्गातून पुन्हा मृत्युलोकी यावे लागते. आपल्या परंपरेत स्वर्ग हा मुक्काम आहे, अंतिम गंतव्य नव्हे. ते स्थान मोक्षाचे. ख्रिस्ती परंपरेतील 'हेवन' हे चिरंतन जीवनाचे स्थान आहे. त्या शब्दासाठी आपण सहज 'स्वर्ग' लिहितो, तेव्हा दोन्ही कल्पनांवर अन्याय होतो. आपापल्या जागी दोन्ही अर्थपूर्ण आहेत. पण एकीचे वस्त्र दुसरीच्या मापाचे नाही.

शब्द नाहीसे होतात, ते कोणी हिरावून नेतो म्हणून नव्हे. घरातील वडीलधारी माणसे घाईत "एकच ते" म्हणतात, म्हणून. माझ्याकडूनही तेच घडले होते.

परवा वर्षश्राद्ध झाले. रात्री नातीला गच्चीवर नेले आणि म्हटले, "हे दिसते ते आकाश. ते तुझे, माझे, सर्वांचे. स्वर्ग डोळ्यांना दिसत नाही. तो पुण्याईने मिळतो आणि पुण्याईपुरताच असतो." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पणजोबा परत येतील?"

या प्रश्नाचे उत्तर मी घाईने दिले नाही. आम्ही दोघे बराच वेळ वर पाहत बसलो होतो. आपल्या घरीही मुले असे प्रश्न विचारतील. तेव्हा थोडा वेळ काढावा, एवढीच विनंती करून मी थांबतो.