टाके निघाल्यानंतरचा थकवा
स्वागताध्यक्षीय भाषण

मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली की डोक्याचे टाके बहुधा पंधरवड्याच्या आत निघतात. थकवा मात्र महिनोन्‌महिने राहतो, काहींचा तर वर्षानुवर्षे. दिवसभर शेतात राबून आलेला शीण रात्रीच्या झोपेने उतरतो, हा उतरत नाही. तो सकाळी उठतानाच अंगात असतो, थोड्याशा कामाने एकदम वाढतो आणि विश्रांती घेऊनही पुरता जात नाही. त्याची एक बाजू शरीराची असते: पायांत त्राण राहत नाही, चार पायऱ्या चढल्या की बसावे लागते. दुसरी बाजू बुद्धीची असते: दोघे एकदम बोलू लागले की काही उमगत नाही, हिशेब अर्ध्यावर सुटतो. स्कॅनमध्ये हा थकवा दिसत नाही. केस वाढले की जखमही झाकली जाते. मग घरच्यांना माणूस बरा झाला असे वाटते आणि त्याच्या बसून राहण्याला आळस म्हटले जाते.

या प्रश्नाचा विचार करणाऱ्या परिषदेसाठी जुन्नर-आंबेगावच्या भूमीत आलेले मेंदूशल्यविशारद, कर्करोगतज्ज्ञ, तालुक्यातील डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचार तज्ज्ञ, आशा कार्यकर्त्या, रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय या सर्वांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत. शिवनेरी, नाणेघाट आणि लेण्याद्री यांच्यामुळे हा परिसर सर्वांना ठाऊक आहे. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर या परिसराची ओळख थोडी वेगळी होते. पूर्वेचा भाग कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर पिकतो. या प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही जुन्नरमध्ये, तर डिंभे आंबेगावमध्ये आहे. ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे ही इथली पिके. पश्चिमेला आहुपे खोऱ्यासारखा डोंगराळ, मुसळधार पावसाचा आदिवासी पट्टा आहे. तिथे भातशेती आणि हिरडा गोळा करणे यांवर घर चालते. दोन्हीकडे पोट अंगमेहनतीवर आहे. मेंदूच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते आणि घरी परतल्यावरचा सारा काळ मात्र गावातच काढावा लागतो. म्हणून शस्त्रक्रिया शहराची असली, तरी थकव्याची काळजी तालुक्यालाच घ्यावी लागते.

थकव्याची सुरुवात पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या आधीच झालेली असते. गाठ आणि तिच्याभोवतीची सूज मेंदूच्या निरनिराळ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंच्या कामात अडथळा आणते. जे काम पूर्वी सहज होई, त्यासाठी मेंदूला जास्त जोर लावावा लागतो. फिट्स, डोकेदुखी, तुटक झोप आणि निदानाची धास्ती यांची त्यात भर पडते. सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमा प्रकारच्या गाठींच्या रुग्णांवरील अभ्यासांत थकव्याचे प्रमाण ३९ ते ७७ टक्के आढळले आहे. गाठ कर्करोगाची नसली, म्हणजे मेनिंजिओमासारखी असली, तरी थकवा टळतोच असे नाही. ‘साधी गाठ होती, निघाली, संपले’ हा समज त्यामुळे अपुरा ठरतो.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे भूल, रक्तस्राव, सूज आणि जखम भरण्याची प्रक्रिया यांनी शक्ती खर्च होते. त्यानंतरही थकवा टिकला, तर औषधांकडे पाहावे लागते. फिट्स रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासिटाम, फेनिटॉईन आणि व्हॅल्प्रोएट या तिन्ही औषधांनी सुस्ती येऊ शकते. सूज उतरवणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड झोप उडवते, साखर वाढवते आणि जास्त दिवस चालले तर मांड्यांचे व खांद्यांचे स्नायू कमजोर करते. जमिनीवर बसलेल्या माणसाला हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, ही त्या कमजोरीची खूण. झोप राखण्यासाठी या गोळीचा शेवटचा डोस शक्यतो दुपारपूर्वी देतात. ती बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंद केली, तर शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल हे हार्मोन अपुरे पडते. कमालीचा गळाठा, उलट्या, चक्कर आणि घसरलेला रक्तदाब यांनी जिवावर बेतू शकते. ‘पुड्या संपल्या म्हणून गोळी थांबवली’ असे रुग्ण सांगतो, तेव्हा ती बाब गंभीर मानावी लागते.

रेडिएशन हे आणखी एक मोठे कारण. ग्लिओब्लास्टोमा या वेगाने वाढणाऱ्या कर्करोगी गाठीसाठी रूढ पद्धतीत ६० ग्रे मात्रा ३० बैठकांत, आठवड्याला पाच याप्रमाणे सहा आठवडे देतात आणि सोबत टेमोझोलोमाईड या केमोथेरपीच्या गोळ्या असतात. थकवा बैठकीगणिक चढत जातो. उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी झोपाळूपणाचा एक वेगळा टप्पाही येऊ शकतो. तो येण्याची शक्यता आधी सांगितलेली नसेल, तर गाठ परतल्याच्या भीतीने घर हादरते. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ते पुणे हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर आहे; रोज जाऊन-येऊन बैठक घेणाऱ्या रुग्णाचा दीडशे किलोमीटरचा प्रवासच त्याला दमवतो. त्या काळात शहरात राहण्याची सोय होणे, हासुद्धा उपचाराचाच भाग समजायला हवा.

काही कारणे साध्या तपासणीत सापडतात आणि दुरुस्त होतात. हिमोग्लोबिन, सोडियम, साखर आणि थायरॉईड या चाचण्या त्यासाठी पाहाव्यात. पीयूषिका ग्रंथीजवळची गाठ काढली असेल किंवा तो भाग रेडिएशनखाली आला असेल, तर कॉर्टिसॉल आणि इतर हार्मोन्सही तपासावे लागतात. तिथली उणीव काही वर्षांनंतरही उघडी पडू शकते. नैराश्य आणि थकवा अनेकदा एकत्र असतात, म्हणून मनाची विचारपूस वेगळी करावी लागते.

थकवा मोजताही येतो. नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली शून्य ते दहा गुणांवर तीव्रता ठरवते; सात किंवा अधिक गुण म्हणजे तीव्र थकवा. आशा कार्यकर्तीने दर भेटीत एवढा एकच आकडा विचारून वहीत लिहिला, तरी चढउतार डॉक्टरांना कळतो. मात्र दिवसागणिक वाढणारी गुंगी, सकाळची जोराची डोकेदुखी, उलट्या, नव्याने आलेली फिट, ताप, जखमेतून पाणी येणे किंवा एका बाजूची कमजोरी ही थकव्याची लक्षणे नव्हेत. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे.

खास या थकव्यावर लागू पडणारी गोळी अजून हाती नाही. मोडाफिनिल आणि आर्मोडाफिनिल या जागे ठेवणाऱ्या औषधांच्या चाचण्या मेंदूच्या गाठींच्या रुग्णांवर झाल्या. बिनऔषधी गोळीपेक्षा त्यांचा ठोस फायदा दिसला नाही. कर्करोगातील थकव्यावर एकंदरीत व्यायामाचा उपयोग चांगला सिद्ध झाला आहे. मेंदूच्या रुग्णांवरचा पुरावा त्या मानाने थोडा असला, तरी बांधावरून दहा मिनिटे चालून सुरुवात करणे आणि दर आठवड्याला थोडे वाढवणे बहुतेकांना झेपते. दिवसा अर्ध्या तासाची विश्रांती चालते. दुपारभर झोपल्यास रात्रीची झोप मोडते.

कामाचे नियोजन स्थानिक जीवनाला धरूनच करावे लागते. अवघड काम सकाळी, मध्ये थांबे आणि एका वेळी एकच काम, हा साधा नियम. भरलेली टोमॅटोची क्रेट उचलणे सुरुवातीचे काही महिने इतरांवर सोपवावे. बाजार समितीतील गलका आणि भावाचा हिशेब यांनी बुद्धीचा थकवा लवकर येतो, म्हणून व्यवहाराला सोबत कोणी असावे. फिट्सचा धोका असेपर्यंत ट्रॅक्टर, दुचाकी, कडबाकुट्टी आणि विहिरीचा काठ वर्ज्य. रात्रीच्या थ्री-फेज विजेवर पाणी देण्याची पाळी अशा रुग्णावर येऊ नये. बिबट्याची भीती या तालुक्यांत सर्वांनाच आहे. त्याशिवाय जागरणाने फिट येऊ शकते आणि दुसरा दिवस पूर्ण वाया जातो. रुग्ण घरातील सून असेल, तर चूल, पाणी आणि गोठा यांची वाटणी डॉक्टरांनी सासू व नवऱ्यासमोर स्पष्ट सांगावी. एरवी तिची विश्रांती कागदावरच राहते. सांभाळणाऱ्या माणसालाही आठवड्यात मोकळा वेळ मिळायला हवा.

महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मेंदूच्या शस्त्रक्रिया आणि कर्करोगाचे उपचार होतात, त्यामुळे गरीब रुग्णही मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो. परतताना त्याच्या हाती मराठीतून लिहिलेला एक कागद असला पाहिजे: कोणती गोळी कशी कमी करायची, कोणत्या चाचण्या केव्हा, थकवा किती काळ अपेक्षित आणि कोणत्या लक्षणांवर परत यायचे. तो कागद मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या ओळखीचा व्हावा, तसेच शहरातील शल्यविशारद आणि गावातील डॉक्टर यांच्यात फोनवर बोलण्याची वाट खुली राहावी. या दोन कामांचा आराखडा ठरवणे, हेच परिषदेपुढील मुख्य काम आहे.